दीडशे तयार स्टाईल आणि आईबाबांचे १८० फोटो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, कार्यक्रमाच्या दिवशी जेवणाआधी हॉलमध्ये दाखवायला १८० फोटोंचा स्लाईड शो हवा आहे. सॉफ्टवेअरमध्ये दीडशेच्या आसपास तयार स्टाईल आहेत. सगळे फोटो निवडून ‘रँडम’ दाबलं तर जे झालं ते ‘जुन्या लग्नाच्या कॅसेटसारखं’ दिसतंय, आणि बहिणीला दोन मिनिटांत गरगरायला लागलं. तर यातली कुठली स्टाईल वापरावी, आणि मोबाईलवरच्या ॲपमध्ये केलं तर चालेल का?

लग्नाचं मिक्सिंग आणि साठी-पंचाहत्तरीचे असे शो हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे ‘कुठली स्टाईल’ हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. खरी अडचण वेगळीच असते. स्टाईल दीडशे असल्या तरी फोटोंचे प्रकार चार-पाचच असतात, आणि कुठला फोटो कुठल्या प्रकारात बसतो हे ‘रँडम’ला कळत नाही. त्याला उभा-आडवा कळत नाही, चेहरा कुठे आहे ते कळत नाही, फोटो व्हॉट्सॲपवरून आलाय की स्कॅन केलाय तेही कळत नाही. ते तुम्हालाच ठरवायचंय. एकदा ठरवलं की दीडशेपैकी तीन-चार स्टाईल पुरतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्रोजेक्टर आहे की एलईडी वॉल, हॉलमधले दिवे बंद होणार का, प्रेक्षक खुर्च्यांवर बसून बघणार की ताटं घेऊन फिरता फिरता, हे मला माहीत नाही. मी धरून चाललोय की दिवे अर्धेच मंद होतील आणि पहिल्या दोन रांगा सोडल्या तर कुणाचं पूर्ण लक्ष नसेल. आपल्याकडे बहुतेक तसंच असतं.

आधी स्टाईल म्हणजे काय ते बघू. नाव ‘गोल्डन मेमरीज’ असो नाहीतर ‘व्हिंटेज ड्रीम’, आत असतात सूचना: फोटो कुठून सुरू होणार, कुठे संपणार, किती मोठा होणार, किती अंश फिरणार, त्याच्या किती प्रती एकावर एक बसणार, मागे काय असणार. ज्याने ती बनवली त्याच्यासमोर एक नमुन्याचा फोटो होता, आणि तो बहुतेक वेळा आडवा, एकट्या माणसाचा, चेहरा मधोमध असलेला. तुमच्या घरच्या ग्रुप फोटोत डोकी वरच्या तिसऱ्या भागात असतात आणि मधोमध असतात साड्यांच्या निऱ्या. स्टाईल इमानेइतबारे त्या निऱ्यांवर झूम करते. म्हणून कुठलीही स्टाईल लावली की पहिलं काम म्हणजे तिचा केंद्रबिंदू चेहऱ्यांवर सरकवणं. बहुतेक सॉफ्टवेअरांत फोटोची सुरुवातीची आणि शेवटची चौकट वेगवेगळी ओढता येते. तेवढं जमलं की अर्ध्या तक्रारी संपतात.

आता मुख्य भाग. शोमधल्या दहापैकी सात-आठ फोटोंना एकच साधी हालचाल द्या: हळू झूम, किंवा अगदी थोडं सरकणं. याला सॉफ्टवेअरमध्ये बहुधा ‘केन बर्न्स’ म्हणतात. त्या नावाचे अमेरिकन माहितीपट-दिग्दर्शक जुन्या फोटोंवरून कॅमेरा असा फिरवायचे, आणि २००३ मध्ये ॲपलने आयमूव्ही या व्हिडिओ जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हा इफेक्ट त्यांच्या नावाने दिला. तंत्र त्यांच्याही आधीचं आहे. पाच सेकंदांत १०० टक्क्यांवरून १०८ किंवा ११० टक्के, एवढाच झूम पुरतो. तयार स्टाईलमध्ये तो बऱ्याचदा १४०-१५० टक्के असतो. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर तो बरा वाटतो, पण बारा फुटी पडद्यावर चेहरा अंगावर येतो. तुमच्या बहिणीला गरगरलं ते यानेच. दुसरं कारण म्हणजे दिशा: एक फोटो डावीकडे सरकतोय, लगेच पुढचा उजवीकडे. लागोपाठच्या चार-पाच फोटोंची दिशा एकच ठेवा, खंड, म्हणजे आयुष्यातला एक टप्पा, बदलला की मग दिशा बदला.

अजून एक बारीक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. हालचालीला ‘स्मूथ’ किंवा ‘ईझ’ असा पर्याय असतो आणि तो छान असेल असं वाटतं. पण एक फोटो विरघळत दुसरा येत असेल तर ‘ईझ’मुळे हालचाल नेमकी त्या विरघळण्याच्या वेळी थांबते आणि प्रत्येक फोटोला ब्रेक लागल्यासारखा होतो. विरघळणाऱ्या बदलासोबत सरळ, एकसारखी गती ठेवा. ‘ईझ’ वापरायचं ते फोटो बाहेरून येऊन जागेवर बसत असेल तेव्हा.

उरलेल्या फोटोंसाठी तयार स्टाईल. इथे मी फोटोकडे बघून ठरवतो, स्टाईलच्या नावाकडे बघून नाही.

लहान, फाटके, कमी पिक्सेलचे फोटो एका गटात काढा. व्हॉट्सॲपने नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. पडदा १९२० पिक्सेलचा, म्हणजे फोटो आधीच ताणला जातोय, त्यात स्टाईलने १५० टक्के झूम केला तर २८८० पिक्सेल लागतील. असे फोटो पूर्ण पडद्यावर आणूच नका. त्यांना अनेक फोटोंची स्टाईल द्या, जिच्यात एका पडद्यावर तीन-चार चौकटी असतात आणि प्रत्येकीला सहाशे-सातशे पिक्सेलच लागतात. त्याच आकारात ते व्यवस्थित दिसतात. नातेवाइकांकडून अजून फोटो यायचे असतील तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आत्ताच सांगा. निदान एचडीचा पर्याय तरी निवडायला सांगा, तो २०२३ पासून आहे.

उभे फोटो हा दुसरा गट. समजा आईबाबांचा लग्नातला काळा-पांढरा फोटो आहे, मुंडावळ्या बांधलेले दोघं, उभा, चारास पाच प्रमाणाचा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर तो पूर्ण उंचीने बसवला तर रुंदी होते ८६४. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून १०५६ पिक्सेल मोकळे. स्टाईल इथे दोनपैकी एक गोष्ट करते: फोटो आडव्या चौकटीत भरण्यासाठी वरून-खालून कापते आणि मुंडावळ्या जातात, किंवा त्याच फोटोची धूसर प्रत मागे लावते. धूसर प्रत चालते, पण काळ्या-पांढऱ्या फोटोमागे ती राखाडी चिखल दिसते. मी असा फोटो डावीकडे सरकवतो, मागे गडद तपकिरी किंवा मरून रंग देतो, आणि उजवीकडच्या रिकाम्या जागेत गाव आणि तारीख लिहितो. झूम नाही, फक्त फोटो सात सेकंदांत जेमतेम चाळीस पिक्सेल सरकतो. मजकूर दोन सेकंद उशिरा येतो, म्हणजे आधी डोळे चेहऱ्यांवर जातात. एवढ्याने त्या फोटोला जो मान मिळतो तो उडणाऱ्या गुलाबपाकळ्यांनी मिळत नाही. अशी जुळणी एकदा केली की ती ‘माझी स्टाईल’ म्हणून साठवता येते, आणि बाकीच्या उभ्या फोटोंना एका क्लिकमध्ये लागते. तयार स्टाईलचा खरा फायदा हाच आहे.

मोठे ग्रुप फोटो: वीस माणसांच्या फोटोला चार सेकंद देऊ नका. हॉलमधला प्रत्येक जण त्यात स्वतःला शोधतो. सात-आठ सेकंद द्या, हालचाल जवळजवळ शून्य.

टेबलावर फोटो पडतायत, दोरीवर चिमट्याने लटकलेत, अल्बमचं पान उलटतंय, अशा नाट्यमय स्टाईल खंड बदलताना वापरा. लग्न, मुलांचा जन्म, बदलीची गावं, सुना-जावई, नातवंडं असे पाच-सहा खंड होतील. प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला तीच एक स्टाईल. लोकांना तिसऱ्या वेळी कळतं की आता काळ बदलणार. प्रत्येक फोटोला वेगळी स्टाईल म्हणजे पत्रिकेत प्रत्येक ओळ वेगळ्या टायपात छापण्यासारखं आहे.

आता ज्या गोष्टी मी सहसा वापरतच नाही. पाकळ्या, चांदण्या, बर्फ, चमचम. चवीचा प्रश्न बाजूला ठेवा, तांत्रिक कारण सांगतो. व्हिडिओ फाईल लहान होते ती ‘मागच्या चौकटीत (फ्रेममध्ये) जे होतं तेच पुढे आहे’ या हिशोबाने. शेकडो कण प्रत्येक चौकटीत जागा बदलतात तेव्हा तो हिशोब कोसळतो, आणि उपलब्ध डेटा कणांवर खर्च होऊन चेहऱ्यांचे चौकोनी तुकडे पडतात. तीच फाईल नंतर व्हॉट्सॲपवर टाकली की आणखी वाट लागते. तसंच ‘जुनी फिल्म’ इफेक्ट: रेघोट्या, डाग, थरथर. तुमचे फोटो खरंच जुने आहेत, त्यांच्यावर खोट्या रेघोट्या कशाला? उलट खऱ्या सुरकुत्या आणि बुरशीचे डाग जमतील तेवढे साफ करा. आणि कडा काळवंडणाऱ्या स्टाईल अर्धवट उजेडाच्या हॉलमध्ये पूर्ण मार खातात, गडद भाग प्रोजेक्टरवर एकजीव राखाडी होतो. जुन्या फोटोंची मधली छटा थोडी उजळूनच घ्या.

आजकाल फोटोतल्या माणसाला एआयने हसवणारी, मान हलवणारी साधनं आली आहेत. २०२१ मध्ये मायहेरिटेजने ‘डीप नॉस्टॅल्जिया’ आणलं तेव्हापासून गिऱ्हाईकं आजोबांचा फोटो घेऊन येतात. हयात माणसाची गंमत म्हणून ठीक. गेलेल्या माणसाच्या बाबतीत आधी घरातल्या मोठ्यांना दाखवल्याशिवाय मी ते शोमध्ये घालत नाही. ते हसू त्यांचं नसतं, आणि ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना ते लगेच कळतं.

मराठी मजकुराबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण तयार टायटल स्टाईल इथे हमखास दगा देतात. त्या रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात आणि एकेक अक्षर उडवत आणतात. देवनागरीत तसं केलं की ‘स्मृती’तला अर्धा स वेगळा येतो, ‘स्थिर’मधली वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर एकटीच लोंबते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. टायटलच्या सेटिंगमध्ये ‘कॅरेक्टर’ असेल तिथे ‘वर्ड’ किंवा ‘लाईन’ करा. तसा पर्यायच नसेल तर मजकूर दुसरीकडे लिहून पारदर्शक पीएनजी करा आणि तो चित्र म्हणून आणा. जुन्या सॉफ्टवेअरांत जोडाक्षरं नीट जुळत नसत, म्हणून स्टुडिओवाले श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहून असाच चित्र करून लावायचे, बरेच जण अजून लावतात. फॉन्ट स्वतः निवडा, नाहीतर स्टाईलच्या रोमन फॉन्टच्या जागी सिस्टिम स्वतःच्या मनाने काहीतरी किडकिडीत उचलते. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट फुकट मिळतात, लांबून स्वच्छ वाचता येतात. ल आणि श मराठी वळणाचेच हवे असतील तर ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट बघा, ठळक मथळ्याला नाही पण तारखेला सुंदर दिसतो. मजकूर कडेपासून निदान पाच टक्के आत ठेवा, काही टीव्ही कडा कापतात.

वेळेचं गणित. १८० फोटो, प्रत्येकी निव्वळ चार सेकंद, म्हणजे १२ मिनिटं. भुकेल्या माणसांना हे जास्त आहे. आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद, म्हणजे १२० फोटो. बहुतेक सॉफ्टवेअरांत एक सेकंदाचं विरघळणं दोन्ही फोटोंच्या वेळेतून जातं, त्यामुळे निव्वळ चार हवे असतील तर प्रत्येक फोटोला पाच सेकंद लावा. चार चौकटींच्या पडद्यावर एका वेळी चार फोटो संपतात, त्यामुळे प्रत्यक्षात १४०-१५० सहज बसतील. कात्री लावताना फोटो मोजू नका, माणसं मोजा. समुद्रकिनाऱ्यावरचे एकाच दिवसाचे नऊ फोटो कुणाला आठवणार नाहीत, पण धाकट्या काकूंचा एकही फोटो नव्हता हे पुढच्या लग्नापर्यंत ऐकावं लागेल. मी नातेवाइकांची यादी करून प्रत्येक नावापुढे खूण करतो, आणि जे राहिले त्यांच्यासाठी शेवटी पाच-सहा फोटोंची मोठी जुळणी ठेवतो.

गाण्याशी जुळवायचं असेल तर ‘बीटवर आपोआप कापा’ हे बटण विसरा. ते प्रत्येक ठोक्याला फोटो बदलतं. जुनी बरीच भावगीतं केरवा किंवा दादरा या तालांत असतात. मिनिटभरात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, किती वेळा येते ते बोटांवर मोजा आणि ६० ला त्या आकड्याने भागा. पंधरा वेळा आली तर चार सेकंदांचं एक आवर्तन, आणि तेच तुमच्या फोटोचं माप. आठ मात्रांचा केरवा मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत असेल तर एवढंच भरतं, सहा मात्रांचा दादरा ९० च्या लयीत असेल तरी एवढंच. फोटो समेवर बदलला की ताल न कळणाऱ्यालाही बरं वाटतं. ग्रुप फोटोला दोन आवर्तनं. शो नंतर यूट्यूबवर टाकायचा असेल तर सिनेमाच्या गाण्यावर हक्काचा दावा येऊ शकतो, त्यासाठी वाद्यसंगीताची मुक्त परवान्याची एक वेगळी प्रत करून ठेवा.

स्कॅनिंगबद्दल दोन शब्द. चार बाय सहा इंचाचा फोटो ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेलचा होतो, ६०० ने ३६०० बाय २४००. मी सरसकट ६०० घेतो. पासपोर्ट आकाराचा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो मात्र ६०० ने सव्वाआठशे पिक्सेल रुंद होतो, त्याला १२०० लावा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात. वरचं प्लास्टिक हलकेच बाजूला करून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल पानाला समांतर धरून टिपा. फोटो फार मोठे ठेवूनही भागत नाही. ६००० पिक्सेलचा फोटो हळू झूम होताना पैठणीचा काठ, चौकड्यांचा शर्ट, जाळीची खिडकी झगमगायला लागते, कारण एवढ्या बारीक रेषा पडद्याच्या ठिपक्यांत बसत नाहीत आणि प्रत्येक चौकटीत वेगळ्या ठिपक्यावर पडतात. फोटो आधीच २५०० ते ३००० पिक्सेलवर आणा, तरी झगमग राहिली तर त्या भागावर किंचित ब्लर द्या.

फाईल काढताना एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०, साधारण १६ एमबीपीएस. दहा मिनिटांची फाईल १.२ जीबीच्या आसपास होते. लॅपटॉप एचडीएमआयने सहसा ६० हर्ट्झ देतो, म्हणून ३० किंवा ६० फ्रेमचा प्रोजेक्ट करा. २५ फ्रेमवर हळू सरकणारा फोटो किंचित अडखळतो. पेन ड्राईव्ह थेट टीव्हीला लावणार असाल तर एच.२६५ टाळा, जुने टीव्ही ते उघडत नाहीत. सगळ्यात अवघड एक मिनिट, म्हणजे ग्रुप फोटो, पैठणी आणि मजकूर असलेलं, आधी काढून हॉलवर जाऊन लावून बघा. काही हॉलांचे प्रोजेक्टर अजून चारास तीन प्रमाणाचे आहेत. तिथे वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या, फोटो ताणू नका.

मोबाईलचं विचारलंत. चालेल, पण चार गोष्टी बघून घ्या: पडदा आडवा सोळास नऊ निवडता येतो का, फुकट आवृत्तीत कोपऱ्यात ॲपचा शिक्का येतो का, फाईल १०८० मध्ये निघते का, आणि ‘स्मृती’ लिहिलं तर ‘स्मृती’च दिसतं का. रीलसाठी केलेल्या स्टाईल उभ्या पडद्यासाठी आणि दोन सेकंदांच्या कटसाठी असतात, त्या हॉलसाठी नाहीत. संगणक असेल तर पॉवरपॉइंटसुद्धा वाईट नाही. ‘मॉर्फ’ ट्रान्झिशनने ग्रुपमधून एका चेहऱ्यावर छान जाता येतं, आणि व्हिडिओ म्हणून थेट बाहेर काढता येतं. प्रोशो हे स्लाईड शोचं जुनं सॉफ्टवेअर कुणी ‘क्रॅक’ करून देत असेल तर घेऊ नका. ते बनवणारी फोटोडेक्स कंपनी २०२० च्या जानेवारीत बंद झाली, त्यामुळे आता फिरणाऱ्या त्या फायलींत आणखी काय भरलंय ते सांगता येत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर नेमकं कुठलं आहे ते लिहा, म्हणजे केंद्रबिंदू सरकवणं आणि स्टाईल साठवणं त्यात कुठे असतं ते सांगतो. हॉलचा प्रोजेक्टर कुठला आहे तेही विचारून ठेवा.